गाणारी बालशाळा

१९२५ सालच्या वसंत ऋतूंतील गोष्ट. हंगेरी देशाची राजधानी बुडापेस्ट. तिच्या एका अंगास हिरव्या टेकड्या आहेत. तेथें एक गृहस्थ एकटेच फिरावयास गेले होते. वय बेचाळीस वर्षांचें, पेशा संगीताच्या प्राध्यापकाचा, नांव झोल्तान कोदाय. वाटेंत त्यांना सहलीस आलेल्या मुलींचा एक घोळका दिसला. मुली मोठ्या आनंदानें गात होत्या. कोदाय एका झुडुपाआड बसले आणि सुमारें अर्धा तास तें गाणें ऐकत राहिले. जों जों ते ऐकत गेले, तों तों त्यांचें मन विषण्ण होत गेलें. मुलींचे गळे वाईट होते असें नव्हे; परंतु त्या गळ्यांतून जें निघत होतें तें हिणकस, उसनें आणि बाजारी होतें. त्यांतून त्या मुली एका अध्यापिका-विद्यालयांतील होत्या, असें सांगतात. म्हणजे उद्यां ज्यांच्या ओटींत शेंकडों बालकें घालावयाचीं, त्यांच्याच तोंडीं हीं गाणीं!

त्या झुडुपाआड जो विचार सुरू झाला तो पुढें चाळीस वर्षें, म्हणजे कोदाय यांच्या अंतकाळापर्यंत, थांबला नाहीं. मुलाला गाणें कां शिकवावें, कोणतें शिकवावें आणि केव्हांपासून शिकवावें, हे ते तीन प्रश्न होत. ज्या घरांत पाळणा हलतो आहे त्या प्रत्येक घरास या प्रश्नांशीं कर्तव्य आहे. म्हणून एका लहानशा देशानें त्यांचें उत्तर कसें शोधलें, हें पाहण्यासारखें आहे.

कोदाय यांचा जन्म १६ डिसेंबर १८८२ रोजीं केच्केमेत या गांवीं झाला. वडील रेल्वेच्या नोकरींत. बदली होईल तिकडे बिऱ्हाड हलावयाचें. बालपणाचीं सात वर्षें गालांता नांवाच्या लहानशा गांवांत गेलीं. घरीं वडील व्हायोलिन वाजवीत, आई पियानो वाजवी व गाई. परंतु मुलाच्या कानावर दुसरेंही एक संगीत पडत होतें. तें घरांतील मोलकरणींचें आणि शाळेंतील अनवाणी सोबत्यांचें होतें. हे अनवाणी सोबती कोदाय कधीं विसरले नाहींत. १९३७ मध्यें मुलांसाठीं दोन आवाजांत गावयाच्या रचनांचा संग्रह त्यांनीं प्रसिद्ध केला, तेव्हां गालांता येथील त्याच सोबत्यांना डोळ्यांपुढें ठेवून आपण हें लिहिलें, असें त्यांनीं प्रस्तावनेंत नमूद केलें आहे.

१९०० सालीं ते शिक्षणासाठीं बुडापेस्ट येथें आले. एकीकडे विद्यापीठांत भाषा व वाङ्मय, दुसरीकडे संगीत-अकादमींत रचनाशास्त्र, असा त्यांचा दुहेरी अभ्यास चालला. १९०५ मध्यें खेड्यापाड्यांतील गाणीं गोळा करण्यासाठीं ते प्रथम बाहेर पडले. पुढें या कामांत त्यांना बेला बार्तोक यांच्यासारखा जोडीदार मिळाला. मेणाच्या नळकांड्यांवर आवाज उतरवून घेणारें एडिसनचें यंत्र पाठीशीं बांधून हे दोघे नागर तरुण शेतांतून, खळ्यांतून आणि म्हाताऱ्या बायकांच्या ओट्यांवरून हिंडले. १९०६ मध्यें कोदाय यांनीं लोकगीतांच्या कडव्यांच्या रचनेवर प्रबंध लिहिला आणि त्याच वर्षीं दोघांनीं मिळून वीस गाण्यांचें एक पुस्तक काढलें. शहरांतील उपाहारगृहांत जें हंगेरियन संगीत म्हणून वाजविलें जाई, त्याच्या खालीं एक फार जुना थर आहे, हें या शोधांतून उघड झालें. त्या थरांतील चाली पांच स्वरांच्या होत्या. १९१७ मध्यें कोदाय यांनीं ही गोष्ट स्वतंत्र लेखानें मांडली.

आतां हंगेरींत बालशाळा नव्हत्या असें कोणी समजूं नये. उलट या बाबतींत तो देश युरोपांत बराच पुढें होता. तेरेझ ब्रुन्स्विक नांवाच्या सरदारघराण्यांतील विदुषीनें १ जून १८२८ रोजीं बुडा येथें आपल्या आईच्या घरांत तीन-चार वर्षांच्या मुलांसाठीं एक संस्था उघडली आणि तिला ‘देवदूतांची बाग’ असें नांव दिलें. फ्रोबेलनें ‘किंडरगार्टन’ हा शब्द योजिला तो १८४० मध्यें, म्हणजे यानंतर बारा वर्षांनीं. ही तेरेझ म्हणजे बेथोवनची शिष्या. त्याची एक प्रसिद्ध पियानोरचना तिलाच अर्पण केलेली आहे. तिनें स्वित्झर्लंडांत जाऊन पेस्टालोझ्झीची शाळाही प्रत्यक्ष पाहिली होती. अशा स्त्रीच्या हातून जिचा आरंभ झाला, त्या बालशाळेंत संगीताची वाण कशी पडावी?

वाण संगीताची नव्हती, कसाची होती. त्या काळीं बुडा शहराची नागर भाषा जर्मन होती आणि शिष्ट संगीतही जर्मनच होतें. पुढें बालशाळा देशभर पसरल्या, १८९१ मध्यें त्यांच्यासाठीं स्वतंत्र कायदाही झाला, शब्द हंगेरियन झाले. पण चाली बहुधा परक्या वळणाच्याच राहिल्या. आतां हंगेरियन भाषेंत प्रत्येक शब्दाचा आघात पहिल्या अक्षरावर पडतो. जर्मन चाल पुष्कळदां आघातापूर्वींच्या एका हलक्या स्वरापासून उठते. एकाच्या अंगावर दुसऱ्याचा अंगरखा चढविला म्हणजे जें होतें तेंच येथें झालें. नेमकें जोर नको त्या अक्षरावर जोर पडूं लागला. तीन वर्षांचें मूल नुकतें बोलावयास शिकत असतें. त्याला एका तोंडानें घरची भाषा आणि दुसऱ्या तोंडानें शाळेंतील गाणें म्हणावें लागे. भर म्हणून कीं काय, मुलांना समजावींत म्हणून मुद्दाम बाळबोध करून रचलेलीं निःसत्त्व पद्यें शिक्षिकांच्या वह्यांतून भरलेलीं असत. अंगणांतील खेळांत तींच मुलें जीं पिढीजात गाणीं गात, त्यांना मात्र शाळेच्या दारांत मज्जाव होता.

कोदाय यांनीं आपला शोध वरून खालीं नेला, ही त्यांच्या कार्यांतील सर्वांत मोठी खूण आहे. अकादमींत त्यांच्याकडे येणारे विद्यार्थी वाद्यें उत्तम वाजवीत, परंतु स्वरलेखन डोळ्यांनीं पाहून गळ्यानें म्हणा असें सांगितलें कीं अडखळत. दोष कोठें आहे हें पाहावयास ते माध्यमिक शाळांकडे वळले. १९२५ मध्यें त्यांनीं मुलांच्या वृंदासाठीं पहिल्या रचना केल्या. १९२९ मध्यें त्यांनीं मुलांच्या समूहगायनावर एक खरमरीत लेख लिहिला. लहान गांवांतील गायनशिक्षकाची योग्यता राजधानींतील संगीतनाट्यगृहाच्या संचालकाहून अधिक आहे, अशा अर्थाचें जें त्यांचें म्हणणें प्रसिद्ध आहे, तें याच लेखांतलें. वाईट संचालक एकदां चुकतो व जातो. वाईट शिक्षक तीस वर्षें तीस वर्गांची गोडी मारीत बसतो, असा त्यांचा रोख होता. १९३४ मध्यें शाळाशाळांच्या वृंदांचे मेळावे ‘गाणारें तारुण्य’ या नांवानें सुरू झाले. परंतु माध्यमिक शाळेंत येईतोंवर मुलाचा कान घडून गेलेला असतो, असें त्यांना दिसून आलें. मग ते प्राथमिक शाळेकडे आले. तेथेंही उशीरच झालेला होता. शेवटीं १९४१ मध्यें त्यांनीं ‘बालशाळेंतील संगीत’ हा निबंध लिहिला. युरोपांत महायुद्ध पेटलें असतांना साठीच्या उंबरठ्यावर आलेला एक जगप्रसिद्ध रचनाकार तीन वर्षांच्या मुलांच्या गाण्यांवर गंभीरपणें लिहीत बसला आहे, हें दृश्य थोड्यांस हास्यास्पदही वाटलें असेल.

त्या निबंधाचा मथितार्थ असा: तीन ते सात हीं वर्षें शिक्षणाच्या दृष्टीनें पुढील सर्व वर्षांहून महत्त्वाचीं होत. या काळांत जें बिघडेल किंवा राहून जाईल तें पुढें भरून काढतां येत नाहीं. मूल जसें आईच्या भाषेनें बोलूं लागतें, तसें त्यानें आपल्या लोकांच्या संगीतभाषेनें गाऊं लागावें. ही मातृभाषा पक्की झाली म्हणजे परभाषा खुशाल शिकावी. लहान मुलाला कांहींही चालतें, ही समजूत खोटी आहे; लहान मुलाला उत्तम तेंच दिलें पाहिजे, कारण त्याला निवड करतां येत नाहीं. आणि हें उत्तम फार महाग नसतें. तें मुलांच्या फेर धरून खेळावयाच्या जुन्या गाण्यांत आयतें पडलेलें आहे.

विचार चांगला असला तरी तो वर्गांत उतरविण्यास रीत लागते. ती रीत कोदाय यांनीं आणि त्यांच्या शिष्यांनीं ठिकठिकाणांहून वेंचून सिद्ध केली. इंग्लंडांत नॉर्विच येथील सारा ग्लोव्हर या बाईंनीं आणि त्यांच्या मागून जॉन कर्वेन या धर्मोपदेशकानें एकोणिसाव्या शतकांत गोरगरिबांच्या मुलांना गाणें शिकविण्यासाठीं एक सोपी पद्धति बसविली होती. तींत ‘दो’ हा स्वर एका ठराविक पट्टीला बांधलेला नसून कोणत्याही पट्टींत धरतां येतो. आपल्याकडे षड्ज कोठेंही धरावा व त्याच्या नात्यानें बाकीचे स्वर ओळखावे, हें पेटी शिकूं लागलेल्या मुलासही ठाऊक असतें. परंतु फ्रान्स-इटलीच्या वळणाच्या शिक्षणांत ‘दो’ अचल असतो, म्हणून तिकडे ही सुधारणा फार मोठी ठरली. कर्वेननें प्रत्येक स्वराला हाताची एकेक खूणही ठरवून दिली होती. लयीचीं बोबडीं अक्षरें, म्हणजे एका मात्रेला ‘ता’ आणि अर्ध्या मात्रांना ‘ती-ती’, हीं शेव्हे नांवाच्या फ्रेंच शिक्षकाच्या पद्धतींतून आलीं. तबल्याच्या बोलांनीं ताल तोंडपाठ करणाऱ्या देशाला यांतील मर्म समजावून सांगण्याची गरज नाहीं.

स्वरांचा क्रमही विचारपूर्वक लाविलेला आहे. मूल आधीं दोनच स्वर शिकतें. ते आपल्या भाषेंत सांगावयाचे तर पंचम आणि त्याखालचा शुद्ध गंधार. अंगणांतून सोबत्याला लांबून हांक मारतांना मुलांच्या तोंडून जो झोका आपोआप निघतो, तो पुष्कळदां याच दोन स्वरांचा असतो. त्यांत धैवत मिळवावा, मग षड्ज व ऋषभ यावेत. सा, रे, ग, प, ध हे पांच स्वर म्हणजे आपल्या भूपाचे स्वर होत. रागाची चाल मात्र अर्थातच निराळी. या पांचांत कोठेंही शेजारचे दोन स्वर अर्ध्या अंतरावर येत नाहींत. लहान मुलाचा गळा अर्ध्या अंतराजवळच घसरतो, म्हणून मध्यम व निषाद मागून येतात. जुनीं हंगेरियन गाणीं पांच स्वरांचीं आणि लहान गळ्याला सोसणारें अंतरही पांच स्वरांचें, असा हा योग जुळून आला.

अशा बालशाळेंतील अर्धा तास कसा जातो हें पाहिलें म्हणजे या शिक्षणाचा लाभ काय तें निराळें सांगावें लागत नाहीं. शिक्षिका वाद्याला हात लावीत नाहीं. स्वतःच्या गळ्यानें, बेताच्या पट्टींत, स्पष्ट उच्चारांनीं गाते. मुलें भोंडल्यासारखा फेर धरतात. पाऊल लयीवर पडतें. हातांनीं टाळी शब्दांच्या वजनावर पडते. आणि पाय एक सांगत असतां हात दुसरेंच सांगतो, हें चार वर्षांच्या मुलाला साधूं लागतें. मग शिक्षिका शब्द न उच्चारतां नुसती चाल गुणगुणते आणि गाणें कोणतें तें मुलें ओळखतात. त्याहून गोड खेळ पुढें आहे. मुलें गात असतां शिक्षिका एक खूण करते. सारा वर्ग एकदम गप्प होतो, पण गाणें थांबत नाहीं. तें प्रत्येकाच्या मनांत चालूच राहतें. कांहीं क्षणांनीं पुन्हा खूण होते आणि सर्व मुलें नेमक्या त्याच अक्षरावर, त्याच स्वरांत एकदम बाहेर येतात. आपल्या आंत एक आवाज आहे व तो आपल्या ताब्यांत आहे, ही जाणीव मुलाला या खेळानें जेवढी होते तेवढी दुसऱ्या कशानें क्वचितच होत असेल. स्मरण, एकाग्रता, श्वासावर ताबा, शब्दांचा ठसठशीत उच्चार, आपली पाळी येईतों वाट पाहणें, शेजाऱ्याच्या आवाजांत आपला आवाज मिळविणें, या साऱ्या गोष्टी येथें उपदेशाशिवाय होतात. भित्रें मूल वर्गांत एकटें बोलत नाहीं, तें फेरांत सर्वांबरोबर गातें. आणि एके दिवशीं फेराच्या मधोमध उभें राहून एकटेंही गातें.

युद्धानें हें काम जवळजवळ बुडवावयाचेंच. १९४४-४५ च्या हिंवाळ्यांत बुडापेस्टला वेढा पडला. कोदाय पति-पत्नींनीं तळघरांचा आश्रय घेतला. १९४५ च्या फेब्रुवारींत त्यांची एक धर्मसंगीताची रचना प्रथम सादर झाली, ती संगीतनाट्यगृहाच्या कोट ठेवण्याच्या दालनांत. कारण शहरांत दुसरी धड जागा उरली नव्हती. परंतु जी पुस्तकें लागणार तीं युद्ध चालू असतांच तयार झालीं होतीं. १९४३ मध्यें वाचनाभ्यासाचे ३३३ लहान पाठ छापले गेले. येनो आदाम या शिष्यानें शिक्षकांसाठीं मार्गदर्शक ग्रंथ १९४४ मध्यें पुरा केला.

पुढें १९५० सालीं केच्केमेत येथें, म्हणजे कोदाय यांच्या जन्मगांवींच, मार्ता नेमेश्सेगी या शिक्षिकेनें पहिली संगीत-प्राथमिक शाळा सुरू केली. इतर विषय सर्व शाळांप्रमाणेंच; अधिक एवढेंच कीं गायन रोज. त्याच सुमारास कातालिन फोराई ही पंचविशींतील शिक्षिका बालशाळांच्या कामाला लागली. कोदाय यांच्या सिद्धांतांतून बालशाळेसाठीं रोजच्या वापराची रीत घडविली ती मुख्यतः तिनें. आणि त्या रीतींत शेंकडों शिक्षिका तयार झाल्या. १९५१ मध्यें हंगेरीच्या विज्ञान-अकादमीनें लोकसंगीताचा महाकोश छापावयास घेतला, तेव्हां पहिल्या खंडाचा मान वीरगाथांना अथवा लग्नगीतांना न मिळतां मुलांच्या खेळगाण्यांना मिळाला. पंडितांच्या सभेंत बालकांना अग्रपूजेचा मान मिळावा, ही गोष्ट लहान नव्हे. १९६२ मध्यें, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, कोदाय यांनीं ‘लहान माणसांचीं गाणीं’ हा पन्नास गाण्यांचा संग्रह बालशाळांना दिला.

केच्केमेतच्या धर्तीच्या शाळा पुढील दोन दशकांत शंभरांहून अधिक झाल्या. १९६४ मध्यें संगीतशिक्षणाची आंतरराष्ट्रीय परिषद बुडापेस्ट येथें भरली आणि देशोदेशींच्या शिक्षकांनीं ही मुलें गातांना प्रत्यक्ष पाहिलीं. ६ मार्च १९६७ रोजीं कोदाय वारले. १९७५ मध्यें त्यांच्या नांवाची संस्था केच्केमेत येथील एका जुन्या मठाच्या वास्तूंत उघडली. तेथें परदेशचे शिक्षक शिकावयास येऊं लागले. लोकसंगीताचें जतन करण्याची अनुकरणीय रीत म्हणून युनेस्कोनें २०१६ मध्यें या पद्धतीची नोंद केली. तथापि यशाची ही बाजू सांगतांना दुसरीही सांगितली पाहिजे. रोजचा गायनाचा तास देशांतील सर्व शाळांना कधींच मिळाला नाहीं. तो निवडक शाळांपुरताच राहिला. कोदाय यांचें स्वप्न सर्वांसाठीं होतें. आणि अनवाणी सोबत्यांच्या वांट्याला तें पुरतें आलें नाहीं.

आतां राहिला तो वादाचा मुद्दा. गाण्यानें मुलाची बुद्धि वाढते काय? संगीत-शाळांतील मुलें गणितांत व भाषेंतही सरस निघतात, असें त्या शाळांचे अभिमानी सांगत. परंतु या शाळांत मुलें पुष्कळदां पारखून घेतलीं जात आणि हौशी आईबापांचींच मुलें तेथें अधिक येत. तेव्हां श्रेय गाण्याचें किती आणि घराचें किती, हें केवळ निकालावरून ठरत नाहीं.

या विषयांतील भाबडेपणाचें टोक अमेरिकेंत पाहावयास मिळालें. १९९३ मध्यें कॅलिफोर्नियांतील ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोत्सार्टची एक रचना दहा मिनिटें ऐकविली, तेव्हां कागदाच्या घड्या मनांत उलगडण्यासारख्या कोड्यांत ते कांहीं काळ सरस ठरले. हा परिणाम पाव तासांतच ओसरला. प्रयोगांत एकही बालक नव्हतें. तरीही मोत्सार्ट ऐकलेलें बाळ हुशार होतें अशी आवई उठली, आणि १९९८ मध्यें जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनीं प्रत्येक नवजात बालकाच्या घरीं अभिजात संगीताची ध्वनिमुद्रिका पाठविण्यासाठीं सरकारी पैसा मागितला. पाळण्याजवळ यंत्र लावून ठेवलें कीं आईबापांचें काम झालें, असा सोयीचा अर्थ लोकांनीं काढला.

याहून काळजीपूर्वक प्रयोग कॅनडांतील टोरांटो भागांत ग्लेन शेलेनबर्ग यांनीं केला. तो २००४ मध्यें प्रसिद्ध झाला. सहा वर्षांच्या १४४ मुलांचे चार गट पाडले. एकाला वाद्य शिकविलें, दुसऱ्याला कोदाय-पद्धतीनें गायन, तिसऱ्याला नाट्य, आणि चौथ्याला त्या वर्षीं कांहींच नाहीं. ३६ आठवड्यांनंतर संगीताच्या गटांचा बुद्ध्यंक सरासरीनें सात अंकांनीं वाढला. बाकीच्यांचा सुमारें चार अंकांनीं. फरक आहे, पण तो थोडा आहे. नाट्य शिकलेलीं मुलें मिळूनमिसळून वागण्यांत पुढें गेलीं, हेंही ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पुढें २०१३ मध्यें हार्वर्ड विद्यापीठांतील संशोधकांना चार वर्षांच्या मुलांच्या अल्प मुदतीच्या संगीतवर्गांतून असा खात्रीचा बौद्धिक लाभ आढळला नाहीं. तात्पर्य, गाणें म्हणजे बुद्धीची गोळी आहे असें कोणी विकूं लागल्यास ती घेऊं नये.

परंतु कान, लय आणि भाषा यांच्याविषयीं मात्र नव्या संशोधनानें कोदाय यांचीच बाजू उचलून धरली आहे. २०१६ मध्यें अमेरिकेंतील सिअ‍ॅटल येथें नऊ महिन्यांच्या ३९ बाळांवर प्रयोग झाला. कांहींना आईबापांच्या मांडीवर बसवून तीन मात्रांच्या तालावर बारा वेळां खेळविलें. इतरांना नुसत्या खेळण्यांनीं. तालावर खेळलेल्या बाळांच्या मेंदूंत संगीताची लय मोडली कीं प्रतिसाद उमटे. आणि बोलण्याची लय मोडली तरीही तो तसाच स्पष्ट उमटे. गाण्याचा कान आणि बोलण्याचा कान हे आरंभीं शेजारीच नांदतात, असा याचा अर्थ. बोबडें बोलणाऱ्या मुलाला लयींत गाऊं द्यावें, हें जुन्या बायकांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतें.

याहून विलक्षण गोष्ट खुद्द बुडापेस्ट येथें घडली. कोदाय यांना एकदां पॅरिस येथील एका परिषदेंत विचारलें होतें कीं, मुलाचें संगीतशिक्षण केव्हां सुरू करावें? त्यांनीं उत्तर दिलें कीं, जन्मापूर्वीं नऊ महिने. लोक हंसले. पुढें १९५१ मध्यें त्यांनीं हें उत्तरही सुधारलें आणि आणखी मागें नेलें: बाळाच्या नव्हे, आईच्या जन्मापूर्वीं नऊ महिने. २००९ मध्यें, म्हणजे कोदाय यांच्या मृत्यूनंतर बेचाळीस वर्षांनीं, त्यांच्याच शहरांतील शास्त्रज्ञांनीं दोन-तीन दिवसांच्या चौदा बाळांना तीं झोपलीं असतां ढोलाचा एक साधा ठेका ऐकविला आणि त्यांच्या मेंदूंतील विजेच्या सूक्ष्म लहरी टिपून घेतल्या. मधूनच ठेक्यांतील सम गाळली. ज्यांना या जगांत येऊन आठवडाही लोटला नव्हता, त्या बाळांच्या मेंदूनें सम चुकल्याची नोंद केली! अकादमीपासून शाळेकडे, शाळेपासून बालशाळेकडे, बालशाळेपासून पाळण्याकडे, असा मागें मागें जाणारा एका माणसाचा शोध विनोदाच्या रूपानें जेथें येऊन थांबला होता, तेथेंच शास्त्रही येऊन पोंचलें.

म्हणून या साऱ्या इतिहासाचा अर्थ शोधावयाचा तर तो बुद्ध्यंकाच्या कोष्टकांत शोधूं नये. मूल सम ओळखण्याची शक्ति घेऊनच येतें. त्या समेवर त्याला कोण नेतें आणि काय गाऊन नेतें, एवढाच प्रश्न असतो. तें गाणें त्याच्या भाषेच्या वळणाचें असावें, त्याच्या गळ्याला सोसेल इतकें लहान असावें, आणि तें जिवंत माणसाच्या तोंडून यावें. ध्वनिमुद्रिका मुलाच्या डोळ्यांत पाहत नाहीं, त्याचा श्वास संपला म्हणून थांबत नाहीं. आई थांबते. शिक्षिका थांबते. तेवढ्या थांबण्यांत मूल माणसांची संगत शिकतें.

आणि आईचा गळा गोड नसला तर? कोदाय यांच्या उत्तरांतील शेवटची पायरी याच शंकेसाठीं आहे. आज फेरांत गाणारी मुलगी उद्यांची आई आहे. तिच्या ओठांवर आज जें बसेल तेंच वीस-पंचवीस वर्षांनीं एका पाळण्यावर ऐकूं येईल. बुडाच्या टेकडीवर झुडुपाआड बसलेल्या त्या गृहस्थांना खेद झाला तो याच हिशोबानें. समोर दहा-वीस मुली गात होत्या. त्यांना मात्र अजून न जन्मलेलीं मुलें ऐकूं येत होतीं.